होडीतून दिसणारे लेणे

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. आज अधिकृतपणे अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे, कोकणपट्टी ओलांडल्यावर लागतो. त्यामुळे होडीत बसून लेणी पाहायला जाण्याचा अनुभव नगरच्या माणसाला बहुधा एकाच ठिकाणी येतो, आणि तोही शाळेच्या किंवा कुटुंबाच्या मुंबईच्या सहलीत. गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँच सुटते, बंदरातली जहाजे मागे पडतात, आणि सुमारे तासाभराने घारापुरीचे हिरवे बेट समोर येते. परतीच्या वाटेवर माळशेज घाट चढून कल्याण–नगर रस्त्याने गाडी पारनेर तालुक्यात शिरते, तेव्हा टाकळी ढोकेश्वर हे गाव लागते. गावाजवळच्या डोंगरात एक शैव लेणे आहे. घारापुरी पाहून आलेली गाडी तेथे बहुधा थांबत नाही.

ही दोन लेणी एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. घारापुरीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे होडीतून आलेल्या माणसांनी लिहून ठेवलेले आहे. होडीने त्या लेण्याला कीर्ती दिली, नाव दिले, आणि त्याची हानीही केली. ढोकेश्वराकडे होडी जाऊ शकत नव्हती. या एका फरकामुळे दोन समकालीन शिल्पकृतींचे इतिहास किती वेगळे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समुद्राच्या लाटा कड्याचा पायथा खात राहतात आणि खडकातील भेगा रुंदावत जाऊन गुहा तयार होते. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर छोट्या होडीतून पाहण्याच्या ज्या गुहा प्रसिद्ध आहेत, त्या बहुतेक अशा निसर्गनिर्मित आहेत. घारापुरीचे मुख्य लेणे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे फूट उंचीवर आहे. तेथे लाट कधी पोहोचली नाही. ते छिन्नीने कोरलेले आहे. मराठीने हा भेद फार सुंदर रीतीने जपला आहे. निसर्गाची ती गुहा, माणसाने कोरलेले ते लेणे. ‘लेण’ हा शब्द नाशिकच्या प्राकृत शिलालेखांत आढळतो, त्याचे नाते संस्कृत ‘लयन’ या शब्दाशी जोडले जाते, आणि आपल्या भाषेत तोच उच्चार अलंकारासाठीही वापरला जातो. डोंगराच्या अंगावरचा दागिना, ही कल्पना व्युत्पत्तीच्या कसोटीला उतरो वा न उतरो, मराठी कानाला ती सहज पटते.

आता काळाचा प्रश्न. घारापुरीचे मुख्य लेणे कोणी कोरविले हे सांगणारा लेख आज तेथे नाही. तरीही बहुतेक अभ्यासक ते सहाव्या शतकातले मानतात आणि कलचुरी राजवटीशी जोडतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली, हा त्या तर्कामागचा एक महत्त्वाचा आधार आहे. हे राजे शैव होते, आणि त्यांची सत्ता केवळ किनाऱ्यापुरती नव्हती. कृष्णराजाच्या नाण्यांचा साठा नाशिक जिल्ह्यात देवळाणे येथे मिळाला. त्याचा पुत्र शंकरगण याचा सहाव्या शतकाच्या अखेरीचा ताम्रपट त्याच जिल्ह्यातील अभोणे येथे मिळाला असून त्यातील दान भोगवर्धन म्हणजे आजच्या भोकरदनच्या परिसरातील आहे. म्हणजे ज्या काळात बेटावर शिव कोरला जात होता, त्याच काळात घाटमाथ्यावरही त्या घराण्याचा अंमल चालत होता. जोगेश्वरीचे लेणे, वेरुळचे ‘धुमार लेणे’ म्हणून ओळखले जाणारे एकोणतिसावे लेणे आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांचे आराखड्यातील साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. ढोकेश्वराचे लेणेही त्याच पिढीच्या आसपासचे मानले जाते.

ढोकेश्वराच्या पायऱ्या चढून आत गेल्यावर हे नाते डोळ्यांना जाणवते. दर्शनी भागातले भक्कम स्तंभ, मागे खडकातच राखलेले गर्भगृह, दारावरचे द्वारपाल, गर्भगृहाभोवती फिरण्यासाठी कोरून काढलेला प्रदक्षिणामार्ग, आणि सप्तमातृकांचा पट. घारापुरीच्या मुख्य लेण्यातही लिंगाचे गर्भगृह सुटे उभे आहे, त्याला चारही बाजूंना दारे आहेत, दारांशी प्रचंड द्वारपाल आहेत, आणि पूर्वेकडील उपलेण्यात मातृकांचा पट आहे. आकारमानाची तुलना अर्थात होऊ शकत नाही. घारापुरीचा पाच मीटरांहून उंच सदाशिव, नटराज, अर्धनारीश्वर, गंगाधर यांच्या तोडीचे काही ढोकेश्वरात नाही. मात्र तेथील धर्मकल्पना, लिंगाभोवती भक्ताला फिरवणारी रचना आणि काळ्या कातळातून आतल्या बाजूला इमारत ‘काढण्याची’ रीत ही एकाच परंपरेची आहे. कातळही एकच आहे. दख्खनच्या ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट बेटावरही आहे आणि पारनेरच्या माळावरही.

मग इतिहासाने दोघांना इतके वेगळे का वागवले?

घारापुरीच्या बाबतीत होडी फार लवकर येते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील इसवी सन ६३४ च्या प्रशस्तीत, त्याने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या ‘पुरी’ नावाच्या नगरीवर शेकडो नौकांनिशी हल्ला केल्याचे वर्णन आहे. रविकीर्ती या कवीने त्या नौकांना मदमत्त हत्तींच्या कळपाची उपमा दिली आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. पण ज्या बेटाला पुढे नाविकांनी हत्तीचेच नाव दिले, त्याच्याविषयीच्या एका जुन्या संभाव्य उल्लेखात नौका हत्तींसारख्या दिसाव्यात, हा योगायोग साहित्याच्या वाचकाला विसरता येणार नाही.

नावाची गोष्ट अशी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि मुंबईच्या परिसरातील बेटे त्यांच्या हाती गेली. घारापुरीच्या धक्क्याजवळ तेव्हा एक मोठा दगडी हत्ती उभा होता. होडीतून उतरणाऱ्याला सर्वांत आधी तो दिसे, म्हणून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. वर लेण्यात शिव आहे, बेटाला स्थानिक लोकांचे नाव आहे, या गोष्टी उतरल्यानंतर कळणाऱ्या होत्या. नाव मात्र उतरण्याच्या जागीच ठरून गेले. पुढे तो हत्तीही टिकला नाही. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान कोसळली. १८६४ मध्ये त्याला बेटावरून हलवताना त्याचे तुकडे झाले. ते मुंबईच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभे करण्यात आले. आज तो हत्ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे. बेटाला त्याचे नाव आहे, पण बेटावर तो नाही.

याच होड्यांतून लेखकही आले. जुआंव द कास्त्रु १५३८ च्या सुमारास आला. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात औषधी वनस्पतींच्या चर्चेतच या लेण्याविषयी लिहिले, आणि हे काम चिनी लोकांचे असावे असा एक प्रवादही नोंदवला. इतिहासकार दिओगो द कुटो याने स्थानिकांकडून ऐकलेली बाणासुराची कथा लिहून ठेवली. अठराव्या शतकात कार्स्टन नीबुर आला. १८१९ मध्ये विल्यम अर्स्किन याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. १८७१ मध्ये जेम्स बर्जेस याचे स्वतंत्र पुस्तक निघाले. १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला याच लेण्यात मेजवानी देण्यात आली. घारापुरीवर तीनशे वर्षांहून अधिक काळ सलग लेखन झाले, याचे एक साधे कारण असे की ती पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत गजबजलेल्या बंदराच्या तोंडाशी होती. जहाज नांगरल्यावर एका दिवसात जाऊन येता येत असे.

परंतु होडी जशी लेखकाला आणते, तशी वस्तू घेऊनही जाते. कुटोने एक फार विषण्ण करणारी हकीकत दिली आहे. लेण्यात एक कोरीव लेख असलेली शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढून आपल्या राजाकडे पाठवली. तिकडे ती वाचणारा कोणी भेटला नाही, आणि पुढे ती शिळाच नाहीशी झाली. ज्या एका मजकुराने आज कलचुरींविषयीचा सारा तर्कवितर्क मिटला असता, तो मजकूर होडीत चढून गेला. जे आले त्यांनी लेण्याविषयी शेकडो पाने लिहिली. लेण्याने स्वतःविषयी लिहिलेले एक पान मात्र त्यांच्याच हातून हरवले. सैनिकांनी मूर्तींची मोडतोड केल्याचे जुन्या वृत्तांतांतून येते. त्यात खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचा वाटा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. पण खालच्या बाजूला तुटलेले हातपाय पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात.

ढोकेश्वराची लेखी कहाणी याच्या तुलनेत अगदी त्रोटक आहे. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगरच्या गॅझेटिअरने त्याची दखल घेतली, आणि लेण्यांच्या अभ्यासकांच्या ग्रंथांत तुलनेपुरता त्याचा उल्लेख येत राहिला. पण ज्या लेण्याविषयी लिहिले गेले नाही, ते वापरात राहिले. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी ढोकेश्वरला भाविकांची गर्दी होते. सहाव्या शतकात कोरलेल्या प्रदक्षिणामार्गावरून आजही माणसे प्रदक्षिणा घालतात, म्हणजे ज्या कामासाठी तो खडक कोरला त्याच कामासाठी तो झिजतो आहे. घारापुरीतही लिंगपूजा पूर्णपणे तुटली असे म्हणता येत नाही. पोर्तुगीजांनंतरच्या काळातही ती होत असल्याच्या नोंदी आहेत. तरी तेथे जाणाऱ्या बहुसंख्यांच्या मनात आज ती सहल आहे, आणि ढोकेश्वरला जाणाऱ्यांच्या मनात यात्रा. सोमवारचेच उदाहरण घ्यावे. शिवाचा वार म्हणून ढोकेश्वरात त्या दिवशी माणसे येतात. घारापुरीची लेणी मात्र सोमवारी पर्यटकांना बंद असतात.

येथे घाई करून एक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: पाहणाऱ्यांनी बिघडवले आणि पूजणाऱ्यांनी राखले. तो टाळला पाहिजे. पूजास्थानी शेंदराचे आणि तेलाचे थर शिल्पाची रेषा बुजवतात, हे महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी दिसते. उलट घारापुरीला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, शिल्पांची छायाचित्रे, मोजमापे, आराखडे झाले, ते या पाहणाऱ्यांमुळेच. जे पाहिले जाते त्याची नोंद होते, आणि ज्याची नोंद होते त्याच्या रक्षणाची मागणी करता येते. ढोकेश्वराच्या बाबतीत आपण अभ्यासक म्हणून ती मागणी करण्याइतकी तरी नोंद केली आहे का, हा प्रश्न आपल्याकडेच येतो.

होडीवरचे हे अवलंबित्व बेटावर राहणाऱ्यांना अधिक चांगले कळते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांना, जगप्रसिद्ध लेणे डोक्यावर असूनही, समुद्राखालून टाकलेल्या तारेने वीज मिळाली ती २०१८ मध्ये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. तासाभराची मौज म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती वाट खरोखरीच समुद्राची वाट आहे, याची ती दारुण आठवण होती.

शेवटी पुन्हा नकाशाकडे. घारापुरीच्या खाडीतून उत्तरेकडे वळले की ठाणे आणि कल्याणची बंदरे. कल्याणहून घाट चढला की जुन्नर, आणि जुन्नरहून पूर्वेकडे पैठणच्या दिशेने जाणारा प्राचीन व्यापारी प्रदेश. नाणेघाटातील सातवाहनांचे लेख या वाटेचे प्राचीनत्व सांगतात. सहाव्या शतकातील कारागीर याच वाटेने चालले, असा दावा करण्याइतका पुरावा हाती नाही. पण एवढे खरे की, जेथे होडी थांबत असे तेथून बैलांचा तांडा पुढे निघत असे, आणि समुद्र व माळ यांना त्या काळच्या माणसाने दोन वेगळी जगे मानले नव्हते. ती दोन जगे आपण केली; कारण आपण इतिहास होडीतून आलेल्यांच्या पुस्तकांतून शिकलो.

महाविद्यालयात प्रवासवर्णन शिकवताना लेखकाने काय पाहिले हे आपण विचारतो. तो तेथवर कशात बसून आला, हेही विचारले पाहिजे. नगरच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुंबईला जावे लागणार नाही. पारनेरच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरून काही पायऱ्या चढणे पुरेसे आहे.