कोरेगाव स्तंभचिन्ह
कोरेगाव स्तंभचिन्ह : भारतीय सेनेतील महार रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यात पूर्वी असलेली स्तंभाकृती. यूरोपात लहानशा नगरपालिकेलाही स्वतःचे ढालचिन्ह असते आणि त्यात नदी, चर्च किंवा जुन्या सरंजामदाराचे कुलचिन्ह यांतून गावाचा इतिहास सांगितलेला असतो. महाराष्ट्रात गावांची अशी चिन्हे रूढ झाली नाहीत. मात्र पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाचे नाव व त्या नावाचा स्तंभ एका पलटणीच्या चिन्हात गेला.

दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य पुण्यावर चालून येणार, या समजुतीने पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरच्या छावणीकडे मदत मागितली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे ८०० लोक व दोन तोफा घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगाव ढमढेरेजवळच्या उंचवट्यावरून त्याला पेशव्यांची फौज दिसली, तेव्हा त्याने कोरेगावचा आश्रय घेतला. गावात दिवसभर झुंज झाली. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे हटले आणि पुढे स्टाँटनही पुण्याऐवजी शिरूरलाच परतला. कंपनीने हा मोठा विजय मानला; लष्करी दृष्ट्या त्यास निर्णायक म्हणणे कठीण आहे.

स्मारकस्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. त्यावर मृतांची ४९ नावे कोरलेली असून त्यांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची असल्याचे ओळखता येते. कंपनीच्या तुकडीत मराठे, राजपूत, मुसलमान व यहुदी सैनिकही होते. कंपनीच्या दृष्टीने स्तंभ तिच्या विजयाचा. पण १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा हीच नावे त्या समाजाच्या सैनिकी परंपरेचा दगडी पुरावा ठरली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज तयार केले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभास भेट दिली.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यासाठी हाच स्तंभ निवडण्यात आला. निवड स्वाभाविक होती : पशू, मुकुट वा शस्त्र यांऐवजी येथे सामान्य शिपायांच्या नावांचा दगडच चिन्ह झाला. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाले व बिल्ल्यात तिवईवरील परस्परछेदी व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर घालण्यात आला. इंग्रजांच्या विजयाचे स्मारक स्वतंत्र भारताच्या सेनेच्या चिन्हात विसंगत वाटावे हे समजण्याजोगे आहे. तथापि खंजीर कोणत्याही पलटणीस शोभतो, स्तंभ एकाच पलटणीचा होता.

प्रत्यक्ष स्तंभ कोरेगावच्या नावाने ओळखला जात असला, तरी तो भीमेच्या दुसऱ्या काठावर, हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत आहे. दरवर्षी १ जानेवारीस तेथे अभिवादनासाठी मोठा जनसमुदाय जमतो.