पत्र घेऊन जाणारा माणूस

इसवी सन ३९४ किंवा ३९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या बंदराहून ऑगस्टीनने बेथलेहेमला एक पत्र लिहिलं. तेव्हा तो चाळिशीचा, साधा धर्मगुरू होता. बिशप व्हायचा होता. पत्र होतं जेरोमला. जेरोम वयाने वडील, विद्वत्तेने दरारा असलेला आणि बायबलचा जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणण्याच्या कामात बुडालेला. ऑगस्टीनच्या हरकती दोन होत्या. ग्रीक भाषांतर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असताना हिब्रूकडे वळायचं कशाला? आणि बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने पीटरला सर्वांसमोर बोल लावला तो दोघांनी मिळून केलेला देखावा होता, असं जेरोम म्हणतो ते कसं मान्य करायचं? या हरकतींना जेरोमचं सविस्तर उत्तर निघालं ते ४०४ मध्ये.

मधल्या नऊ-दहा वर्षांत पत्राचं काय झालं, याकडे धर्मशास्त्राचे अभ्यासक ओझरतं पाहतात. मला तिथून हलवत नाही. माझी नोकरी रेल्वे डाक सेवेत, रात्रपाळीला कप्प्यांसमोर उभं राहून टपाल वेगळं करण्यात गेली. त्यामुळे जुनं पत्र वाचायला घेतलं की मजकुराच्याही आधी माझे प्रश्न ठरलेले असतात: हे कोणी नेलं, कोणत्या वाटेने नेलं, पोचलं केव्हा?

पहिलं पत्र प्रोफुतुरुस नावाच्या सहकाऱ्याने न्यायचं ठरलं होतं. तो निघण्याच्या तयारीत असतानाच त्याच्यावर बिशपपदाचा भार पडला. जाणं राहिलं, आणि थोड्याच काळात तो वारला. काही वर्षांनी ऑगस्टीनने त्याच विषयावर दुसरं पत्र लिहून पौलुस नावाच्या माणसाच्या हाती दिलं. तेही बेथलेहेमला गेलं नाही. त्याच्या नकला मात्र इटलीत फिरू लागल्या. सिसिन्नियुस नावाच्या डीकनला त्यांतली एक एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर, ऑगस्टीनच्या इतर लिखाणासोबत ठेवलेली सापडली. ज्याला उद्देशून पत्र होतं त्याच्या हातात पडण्याआधी ते परक्यांनी वाचलं होतं. ऑगस्टीनने जेरोमविरुद्ध पुस्तक लिहून रोमला धाडलं आहे, अशी बातमीही उठली.

जेरोम दुखावला, तरी त्याने आधी एक गोष्ट मागितली: सहीची प्रत. त्या काळी पत्र सहसा लेखनिकाला सांगून लिहवून घेत. लेखनिक लघुलिपीत टिपून घेई, मग स्वच्छ प्रत काढी, आणि शेवटची निरोपाची ओळ पाठवणारा स्वतःच्या हाताने लिही. पत्र खरं की बनावट, हे त्या एका ओळीवरून ओळखायचं. बेटावर सापडलेल्या नकलेवर ती ओळ नव्हती. शैली तुझी वाटते, पण नुसत्या नकलेवर विसंबून मी तुला उत्तर कसं देऊ, असा जेरोमचा सवाल होता. टपालात काम केलेल्या माणसाला त्याची ही सावधगिरी पुरेपूर पटते.

कोणी विचारेल, एवढ्या मोठ्या रोमन साम्राज्याला टपालखातं नव्हतं का? सरकारी डाक होती आणि ती उत्तम होती. ३३३ मध्ये बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या एका यात्रेकरूने वाटेवरची घोडे बदलायची ठाणी आणि मुक्कामाची ठाणी अंतरांसकट लिहून ठेवली आहेत. ती यादी मी एखाद्या जुन्या वेळापत्रकासारखी वाचतो. पण ही डाक सरकारी कामापुरती होती. तिचे घोडे आणि गाड्या वापरायला परवाना लागे. बिशपांना परिषदांना जाण्यासाठी तो मिळू लागला, तेव्हा डाकव्यवस्था पार मोडकळीला आल्याची तक्रार इतिहासकार आम्मियानुसने केली आहे. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने परवाने देण्याचा अधिकारच आवळला. खाजगी पत्राला या व्यवस्थेत जागा नव्हती.

त्यात समुद्र. व्हेजेशियस हा लेखक सांगतो की ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. हिप्पोहून पॅलेस्टाईनकडे जाणारं माणूस आणि जहाज वेळेत जमलं नाही, तर पत्र वसंत ऋतूपर्यंत पडून राहणार. म्हणून तिकडे जाणारा माणूस आहे असं कळलं की लोक घाईने लिहायला बसत. माणूस दाराशी उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो, असं सांगणारी पत्रं त्या काळात कितीतरी आहेत.

अशा पत्राचा अर्धा ऐवज नेणाऱ्याच्या तोंडी असे. जे कागदावर घालणं धोक्याचं किंवा लांबलचक, ते तो सांगणार. आपल्याकडे मराठेशाहीतल्या पत्रांत सविस्तर वर्तमान मुखवचनें कळेल असं लिहून पुढचं काम जासुदावर सोडलेलं दिसतं, तशीच ही रीत. म्हणून माणूस निवडून पाठवायचा, आणि तो आला की त्याला ठेवून घ्यायचं, विचारपूस करायची. इटलीतल्या नोला इथे राहणाऱ्या पौलिनुसकडे त्याचा मित्र सुल्पिकियुस सेवेरुस गॉलमधून व्हिक्टर नावाच्या साधूला पत्रं देऊन पाठवी. या व्हिक्टरने नोलात चुलीचा ताबा घेतला, साधं भरडं अन्न रांधून घातलं, पौलिनुसचे केसही कापले. पौलिनुसने उत्तरात त्या स्वयंपाकाचं आणि केस कापण्याचं लांबलचक, प्रेमाने वर्णन केलं आहे. दूरच्या मित्राची माया त्याला व्हिक्टरच्या हातून मिळाली होती.

हे सगळे शिकलेले, नाव असलेले लोक. पण इजिप्तच्या कोरड्या वाळूने साध्या माणसांचीही पत्रं जपली आहेत. फायूमच्या कडेला दिओनिसियास इथे घोडदळाचा एक तळ होता. अबिन्नेयुस हा तिथला अधिकारी. ३४० नंतरच्या दशकातलं त्याचं दप्तर सापडलं आणि आज ते मुख्यतः लंडन आणि जिनिव्हा इथे आहे. त्यात हर्मोपोलिस नावाच्या गावचा धर्मगुरू काओर याचं एक पत्र आहे. ग्रीक मोडकं, शुद्धलेखन चुकलेलं. पौलुस नावाचा एक शिपाई तळावरून पळाला आहे. त्याला एवढ्या एका वेळेपुरती माफी द्यावी, अशी विनंती. मला सध्या तुमच्याकडे यायला सवड नाही, आणि पुन्हा त्याने असं केलं तर तो तुमच्या हाती आहेच, असंही काओर लिहितो. अशी रदबदली कशी करावी याचे नमुने त्या काळच्या पुस्तिकांत मिळतात; लिबानियुसच्या नावावर चालत आलेल्या एका पुस्तिकेत पत्रांचे ४१ प्रकार आहेत. काओरने त्या कधी पाहिल्या असतील असं वाटत नाही, तरी एका पळून गेलेल्या पोरासाठी जे बोलायला हवं ते त्याने नेमकं लिहिलं.

खुद्द लिबानियुस हा अँटिओकचा वक्तृत्वाचा शिक्षक. त्याची पंधराशेहून अधिक पत्रं आज आहेत, कारण पाठवलेल्या पत्रांच्या नकला घरी ठेवल्या जात. पण ३६५ ते ३८८ या काळातली जवळजवळ नाहीत. आणि नकला पाठवणाऱ्याकडे राहत, म्हणून बहुतेक संग्रहांत एकाच बाजूचा आवाज येतो. आजच्या लिबियातल्या सिरीनीचा सिनेसियुस आपल्या गुरूला, अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला, लिहीत असे. पुढे तो बिशप झाला आणि मुलं गमावून बसला. त्या काळात अंथरुणावरून सांगून लिहवलेल्या एका पत्रात तो तिला आई, बहीण, गुरू म्हणून हाक मारतो. हायपेशियाचं एकही उत्तर उरलेलं नाही. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने तिची हत्या केली.

ऑगस्टीन आणि जेरोम यांचा धागा मात्र तुटला नाही. ४०३ मध्ये ऑगस्टीनने नव्या पत्रासोबत आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून डीकन किप्रियानुसच्या हाती दिल्या. त्याच पत्रात त्याने ओया गावची हकीकत लिहिली: जेरोमचं नवं भाषांतर वाचताना बायबलमधल्या योनाच्या डोक्यावरच्या वेलीचं नाव बदललेलं ऐकून लोकांनी इतका गोंधळ घातला की तिथल्या बिशपवर कळपाविना राहायची पाळी आली. या खेपेला पत्रं पोचली, आणि जेरोमचं लांब, तिखट उत्तर आलं. पुढे दोघं भांडले, नमले, एकमेकांना मानू लागले. ४१५ मध्ये ऑगस्टीनने आत्म्याच्या उगमासारखा अवघड प्रश्न विचारणारं पत्र तरुण ओरोसियुसकडे दिलं. तो बेथलेहेमला गेला आणि पुढच्या वर्षी जेरोमचं पत्र घेऊन परतला.

दोन थोर माणसं दहा वर्षं एकमेकांवर रागावली ती मतभेदामुळे, असं पुस्तकं सांगतात. मतभेद होताच. पण तोच मतभेद किप्रियानुसच्या हातून पोचला तेव्हा त्यावर वाद करता आला, आणि वाटेत भरकटला तेव्हा त्यातून बदनामी झाली. त्या जगात पत्रावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेणाऱ्यावर ठेवायचा. म्हणून या पत्रांच्या प्रत्येक आवृत्तीत पाठवणारा आणि घेणारा यांच्या शेजारी तिसरा रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं. प्रोफुतुरुस, पौलुस, सिसिन्नियुस, व्हिक्टर, किप्रियानुस, ओरोसियुस, आणि नाव माहीत नसेल तिथे रिकामी जागा. तो रकाना वाचल्याशिवाय ती पत्रं पुरती वाचून होत नाहीत.