थर्टीन रीझन्स व्हाय

अमेरिकन लेखक जे अ‍ॅशर (जन्म ३० सप्टेंबर १९७५) यांची किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी. पेंग्विनच्या रेझरबिल या प्रकाशनशाखेने ती ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध केली. अ‍ॅशर यांचे हे पहिलेच प्रकाशित पुस्तक. एका शाळकरी मुलीची आत्महत्या आणि तिच्यामागे उरलेल्यांच्या वाट्याला येणारी अपराधाची जाणीव हा कादंबरीचा विषय आहे. सुरुवातीची बरीच वर्षे ती कापडी बांधणीतच खपत राहिली. पेपरबॅक आवृत्ती २०११ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचली.

कथानक : क्ले जेन्सन या विद्यार्थ्याला दारात एक पुडके मिळते. आत बुटांच्या खोक्यात सात कॅसेटी असतात. काही दिवसांपूर्वी आत्महत्या केलेल्या हॅना बेकर या वर्गमैत्रिणीचा आवाज त्यांत ध्वनिमुद्रित आहे. कॅसेटीची प्रत्येक बाजू ती एका प्रसंगाला आणि त्यास जबाबदार वाटणाऱ्या व्यक्तीला देते. यादीतील प्रत्येकाने सर्व कॅसेटी ऐकून पुढच्याकडे पाठवायच्या. साखळी तुटल्यास दुसरा संच जाहीर होईल, अशी तिची ताकीद आहे. अफवा, मुलींच्या दिसण्यावरून केलेली यादी, चोरून काढलेले छायाचित्र, लैंगिक अत्याचार आणि शेवटी शाळेतील समुपदेशकाला न ओळखता आलेली हाक, असा हा क्रम आहे. क्लेचे नाव नवव्या बाजूवर येते. मात्र तो दोषी नाही, असे हॅना तिथेच सांगते. अखेरीस क्ले स्काय मिलर या एकाकी पडत चाललेल्या मुलीला हाक मारतो.

रचना : ग्रंथरचनेच्या दृष्टीने ही कादंबरी विशेष लक्षणीय आहे. प्रकरणे कॅसेटींच्या बाजूंनुसार पाडली आहेत. सात कॅसेटींच्या चौदा बाजूंपैकी तेरा भरलेल्या, चौदावी जवळजवळ कोरी. हॅनाचे निवेदन तिरप्या टंकात आणि क्लेचे सरळ टंकात छापले असून दोन्ही एकाच पानावर आलटून पालटून येतात. ध्वनिफीत सुरू झाली, थांबवली की वॉकमनच्या बटणांवरील चिन्हे मजकुरात उमटतात. सुरुवातीची व शेवटची चौकट वगळता सारी कथा एका रात्रीत घडते. हॅनाने तारे काढून खुणावलेला नकाशा घेऊन क्ले त्या त्या ठिकाणी जातो व तिथेच ऐकतो. वाचकाला तिच्या मृत्यूची बातमी आधीच ठाऊक असते. प्रत्यक्ष मृत्यूचे दृश्य कादंबरीत नाही. आवाजाच्या या तंत्राची कल्पना अ‍ॅशर यांना संग्रहालयातील ध्वनिमुद्रित मार्गदर्शिकेवरून सुचली आणि विषय एका नातेवाईक मुलीच्या आत्महत्येच्या प्रयत्नातून आला, असे त्यांनी सांगितले आहे. श्राव्य आवृत्तीत जोएल जॉनस्टन व डेब्रा वाइझमन या दोघांनी वाचन केल्याने मूळ रचनेतील दोन आवाज तिथे वेगळे ऐकू येतात.

आवृत्त्या : दहा वर्षांच्या निमित्ताने डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या विशेष आवृत्तीत लेखकाने आधी योजलेला शेवट छापला आहे. त्यात हॅना जिवंत राहते.

ग्रंथालयांतील आक्षेप : अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही संस्था ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती येतात त्यांची वार्षिक यादी करते. या यादीत ही कादंबरी २०१२ मध्ये तिसरी होती. मद्य व अमली पदार्थ, लैंगिक उल्लेख, आत्महत्या आणि वयाला न शोभणारा मजकूर, ही तेव्हाची कारणे होती. २०१७ मध्ये ती पहिली आली व कारण एकच उरले, आत्महत्येची चर्चा. २०१८ मध्ये सहावे आणि २०१० ते २०१९ या दशकाच्या एकत्रित यादीत तिसरे स्थान तिला मिळाले. २०१७ मध्ये कोलोरॅडो राज्यातील मेसा काउंटी व्हॅली शाळा जिल्ह्याने पुस्तकाचे वितरण थांबवण्याचा आदेश दिला. त्या शालेय वर्षात जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या होत्या. ग्रंथपालांनी हरकत घेतल्यावर काही तासांतच आदेश मागे घेण्यात आला. २०१२ चे स्थान पाहता हरकती कादंबरीवरून झालेल्या नेटफ्लिक्स मालिकेच्या आधीपासूनच्या आहेत. मालिकेने त्यांचा रोख बदलला.

चित्रमालिका : युनिव्हर्सल पिक्चर्सने २०११ मध्ये चित्रपटाचे हक्क घेतले होते, पुढे त्याऐवजी मालिका झाली. ब्रायन यॉर्की यांनी रूपांतरित केलेली मालिका नेटफ्लिक्सवर ३१ मार्च २०१७ रोजी आली. तिच्या निर्मात्यांत गायिका-अभिनेत्री सेलिना गोमेझ होत्या. कॅथरीन लँगफर्ड यांनी हॅनाची, डिलन मिनेट यांनी क्लेची भूमिका केली. चार पर्वांपैकी पहिलेच कादंबरीवर आधारलेले आहे. हॅनाच्या पालकांचा खटला मूळ पुस्तकात नाही. मालिकेत दाखवलेल्या हॅनाच्या मृत्यूच्या दृश्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी टीका केली. शालेय मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने असुरक्षित मनःस्थितीतील मुलांनी मालिका पाहू नये, असा सल्ला दिला. न्यूझीलंडने तिच्यासाठी आरपी१८ हा नवा दर्जा निर्माण केला, म्हणजे अठरा वर्षांखालील प्रेक्षकाने पालकांसोबतच पाहावे. मृत्यूचे ते दृश्य जुलै २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले.

एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेतील १० ते १७ वयोगटात आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेहून २८.९ टक्के अधिक आढळले. वाढ प्रामुख्याने मुलग्यांत होती. कार्यकारण सिद्ध झाल्याचा दावा अभ्यासकांनी केला नाही. डॅनिएल रोमर यांच्या २०२० मधील फेरविश्लेषणाने आधीपासूनची वाढ लक्षात घेता हा निष्कर्ष टिकत नसल्याचे मांडले. हे संशोधन मालिकेविषयी आहे. पुस्तकावरील आक्षेपांत मात्र दोन्ही बहुधा एकत्र धरली जातात.

समीक्षा : रचनेचे कौतुक झाले, आत्महत्या ही सूड किंवा संदेश ठरते, हा मुख्य आक्षेप राहिला.

लेखक : २०१८ मध्ये बालसाहित्यिकांच्या एका अमेरिकन संस्थेशी सदस्यत्वावरून त्यांचा वाद झाला, दोन्ही बाजूंची निवेदने परस्परविरोधी आहेत.

अन्य पुस्तके : द फ्यूचर ऑफ अस (कॅरोलिन मॅक्लर यांच्यासह, २०११), व्हॉट लाइट (२०१६), पायपर (चित्रकादंबरी, २०१७).