पादुआचे दप्तर

इ. स. १७०५ व १७०६ या सालांत रोम नगरात चांगली हिंडतीफिरती माणसे अकस्मात मरू लागली आणि लोकांत घबराट उडाली, तेव्हा पोप अकरावा क्लेमेंट याने आपला वैद्य जोव्हान्नी मारिया लांचीझी यास चौकशीची आज्ञा केली. लांचीझीने नुसत्या तर्कांवर न विसंबता प्रेते उघडून पाहिली, आणि हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या ज्या विकृती त्याला आढळल्या त्या १७०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे पादुआच्या विद्यापीठातील मोर्गान्यी याने, वयाची ऐंशी वर्षे भरत आली असता, १७६१ साली आपला महाग्रंथ सिद्ध केला आणि रोगाचे मूळ शरीराच्या इंद्रियांत शोधण्याचा पायंडा पाडला. तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूला पायबंद घालण्याचा जो उद्योग इटलीने विसाव्या शतकात मांडला, त्याची कुळकथा या दोन प्रेतचिकित्सकांपासून सुरू होते असे मी मानतो. कारण त्या उद्योगाचे खरे बळ कायद्यापेक्षा, मृतांची साक्ष जपून ठेवणाऱ्या दप्तरात होते.

कायदा मात्र आधी आला. खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा एक कायदा १९५० साली झाला, दुसरा १९७१ साली. परंतु कायदा झाला म्हणजे अंमल झाला, असे कोणत्याच मुलखात घडत नाही. ३० ऑक्टोबर १९७७ रोजी पेरुजाच्या मैदानावर युव्हेंटसविरुद्धचा फुटबॉल सामना चालू असता रेनातो कुरी हा चोवीस वर्षांचा खेळाडू कोसळला आणि गतप्राण झाला. ते मैदान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. अखेर १८ फेब्रुवारी १९८२ च्या मंत्रालयीन हुकुमाने तपासणीचा तपशील मुक्रर झाला: स्पर्धेत उतरणाऱ्याने, मग तो नामांकित असो की गावच्या संघातला पोरगा, ठरल्या मुदतीने वैद्याकडे जावे, घराण्यात कोणी अकाली दगावले काय याची विचारपूस व्हावी, ईसीजी काढावा, पायरीवर चढउतार करवून पुन्हा हृदय पाहावे, आणि दाखला हाती पडल्यावाचून मैदानात पाऊल टाकू नये.

या हुकुमाचे फळ मोजले गेले ते पादुआ ज्यात येते त्या व्हेनेतो प्रांतात, आणि तेही पादुआच्या गाएतानो त्येने या विकृतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अकस्मात मेलेल्या तरुणांची हृदये चिकाटीने तपासून त्यांची नोंद ठेवली म्हणून. १९८८ साली त्यांनी पस्तिशीच्या आतील साठ मृतांचा वृत्तांत छापला. त्यांपैकी बारा जणांच्या उजव्या जवनिकेचा स्नायू झिजून त्या जागी मेद आणि तंतू भरले होते. अशा हृदयाची लय श्रमाच्या भरात एकाएकी विसकटते, आणि जवनिका आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला असा मुलगा इतरांहून सशक्तच दिसावा, ही या व्याधीची क्रूर लबाडी होय.

२००६ साली दोमेनिको कोर्रादो व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींचा ताळेबंद मांडला. १९७९-८० मध्ये लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ मृत्यू घडत, ते २००३-०४ मध्ये ०.४ वर आले; आणि जे खेळाडू नव्हते, ज्यांची तपासणीही होत नव्हती, त्यांच्यातले प्रमाण जवळजवळ होते तिथेच राहिले. पादुआच्या केंद्रात तपासलेल्या ४२,३८६ खेळाडूंपैकी ८७९ जणांना हृदयदोषामुळे खेळण्यास मनाई झाली. या ८७९ जणांतील किती खरोखर दगावले असते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ज्याच्या आयुष्यातून खेळ काढून घेतला त्याच्या दुःखाला ताळेबंदात रकाना नसतो. शिवाय, इस्रायलने १९९७ साली अशीच सक्ती केली असता मृत्यूंच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही, असे तिथल्या संशोधकांनी २०११ साली दाखवले. तथापि मला पादुआची साक्ष अधिक वजनदार वाटते, कारण तिच्यामागे उघडून पाहिलेली हृदये आहेत, आणि इस्रायली गणित मुख्यत्वे वृत्तपत्रांच्या कात्रणांवर उभे आहे.

पण दाखल्यावर भिस्त ठेवून इटलीने दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे कोसळलेल्याला जागच्या जागी वाचवण्याकडे, उशिराच लक्ष दिले. छातीवर दाब देऊन रक्त खेळते ठेवण्याची रीत बाल्टिमोरच्या संशोधकांनी १९६० साली प्रसिद्ध केली होती. परंतु विजेचा झटका देणारे डीफिब्रिलेटर हे यंत्र वैद्य नसलेल्या माणसाने चालवण्याची मुभा इटलीच्या कायद्याने दिली ती २००१ साली, आणि तीही प्याचेंझा नगराने १९९८ पासून सामान्य नागरिकांना हे शिकवून दाखवल्यावर. १४ एप्रिल २०१२ रोजी पेस्कारा येथे प्येरमारियो मोरोझीनी हा फुटबॉलपटू सामन्यात कोसळला आणि मेला. रुग्णवाहिकेच्या वाटेत एक पोलिसी मोटार उभी होती, यंत्र जवळ असून लावले गेले नाही, आणि शवचिकित्सेत निघाला तो हृदयस्नायूचा विकार, ज्याच्या अभ्यासासाठी पादुआचे नाव जगभर झाले. दुसऱ्याच वर्षी क्रीडासंस्थांना यंत्र बाळगण्याची सक्ती झाली. आपल्याकडे गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरात, फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात कोसळून मेला, तेव्हा मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेवर बरीच टीका झाली.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन सामन्यात कोसळला तेव्हा तो मिलानच्या इंटर संघाचा, म्हणजे इटालियन तपासणीतून गेलेला खेळाडू होता. त्याला वाचवले ते मैदानावरच्या हातांनी आणि यंत्राने. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला इटलीने सार्वजनिक ठिकाणी यंत्रे बसवण्याचा आणि शाळांतून प्राथमिक उपचार शिकवण्याचा कायदा केला. एरिक्सनच्या छातीत पुढे बसवलेले, गरज पडताच हृदयाला झटका देणारे उपकरण इटलीच्या नियमांत बसेना, म्हणून डिसेंबरात त्याचा करार संपुष्टात आला. तो इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड संघाकडे गेला, आणि २०२२ च्या मार्चमध्ये डेन्मार्कच्या संघातून पुन्हा खेळू लागला.