पुंगोलच्या इमारतींखालची माती

पुंगोलमध्ये तुमचं कोणी राहत असेल, तर त्यांना एकदा सांगून बघा की १९८०च्या सुमारास इथे डुकरं पाळणाऱ्यांच्या वाड्या होत्या. माझे पाहुणे तर हसलेच. पण क्रांजी जलाशयाचं पाणी खराब होऊ नये म्हणून तिथले वराहपालक १९७०च्या दशकात पुंगोलला हलवले गेले. मग १९८४ साली हा व्यवसायच टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. १९९६ साली 'पुंगोल २१' या नव्या वसाहतीची घोषणा झाली.

सिंगापूरची माती मुळात कसदार नव्हे. एकोणिसाव्या शतकात चिनी मळेवाल्यांनी जंगल तोडून गॅम्बिअर लावला. विड्याच्या कातासारखा त्याचा अर्क निघतो. पाला उकळायला लाकूड बेसुमार लागे. पंधरा-वीस वर्षांत जमीन निकस झाली की तिथे लालांग गवत माजू देऊन मळेवाले पुढे सरकत. १८४०नंतर बरेच जण जोहोरला गेले.

त्याच निकस जमिनीवर पुढे भाजीचे वाफे उभे राहिले, ते घरच्या खतावर. डुकरांचं शेण तळ्यात, तळ्यात मासे आणि जलपर्णी, जलपर्णी शिजवून पुन्हा डुकरांना, उरलेलं शेण वाफ्यांना. आजीच्या उकिरड्याचंच हे गणित. तेव्हा ही माती सापडलेली नव्हती, माणसांनी केलेली होती, आणि ती करायला पिढ्या लागल्या होत्या.

१९६० साली गृहनिर्माण मंडळ आलं, १९६६ साली भूसंपादन कायदा. १९७३च्या दुरुस्तीने मोबदल्याला ३० नोव्हेंबर १९७३च्या बाजारभावाची मर्यादा घातली. ही तारीख पुढे अधूनमधून सरकवली गेली, पण भरपाई प्रत्यक्ष बाजारभावाने द्यायला २००७ उजाडलं. कित्येक शेतकरी तर मालकही नव्हते, तात्पुरत्या परवान्यावर कसणारे. त्यांची फळझाडं, शेड, तळी मोजून पैसे मिळाले. वीस वर्षं घातलेलं खत कुठल्या रकान्यात लिहायचं?

मंडळाच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं. बेटावर लाखो लोकांना पक्कं घर हवं होतं, आणि उंच इमारतींनी माणशी जमीन कमी खाल्ली, हे मान्यच करायला हवं. पण आज नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं, आणि शेतीला जेमतेम एक टक्का जमीन उरली आहे.

आपल्याकडे उलट चाललंय. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, तरी शहरांच्या कडेला गुंठे पडतच राहिले. २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून तोवरची बांधकामं नियमित करायची सोय केली, आणि २०२१ साली ती मुदत २०२०च्या अखेरीपर्यंत वाढवली. इथे सरकारने एका आराखड्याने जमीन घेतली, तिथे आपणच ती गुंठ्या-गुंठ्याने विकतो. त्यावर बंगला एकमजली, आणि सिमेंटखाली गेलेली काळी जमीन परत येत नाही ती नाहीच.

निफाड तालुक्यातून गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. प्लॉटिंगवाला आलाय, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, सही लागेल. मी विचारलं, "विहिरीजवळचा तुकडा नाही ना त्यात?"

"अरे, तोच तर रस्त्याला लागून आहे," काका म्हणाले.

सही मी अजून केलेली नाही.