डबाबंद पेयांतील शिसे : मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना : डबाबंद अन्नपेयांत धातू केव्हा मिसळले, यापेक्षा ते अचूकपणे केव्हा मोजता आले, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात शिशाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

डबा आणि डाख : १८१० मध्ये इंग्लंडमध्ये पीटर ड्यूरँड यांना अन्न टिकविण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, त्यात कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्यांचाही समावेश होता. अशा डब्यांचे सांधे शिसे व कथील यांच्या डाखाने जोडले जात. जानेवारी १९३५ मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरात डबाबंद बिअर विक्रीस आली. तिच्या डब्यास आतून लेप होता. तथापि बाजूचा सांधा डाखाचाच होता. तान्ह्या मुलांना पाजले जाणारे आटीव दूधही डाखाच्या डब्यांतून विकले जाई.

मोजमापातील दोष : १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली आणि अत्यल्प धातूंचे मापन सुलभ झाले. परंतु उपकरण सूक्ष्म असले तरी प्रयोगशाळेतील धूळ, पाणी व रसायने यांतही शिसे असते. डाखाच्या डब्यांचा खरा परिणाम उघड झाला तो पेयावरून नव्हे, तर माशावरून. १९८० मध्ये डोरोथी सेटल व क्लेअर पॅटरसन यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळेत ट्यूना मासा तपासला. ताज्या माशात दर ग्रॅममागे ०.३ नॅनोग्रॅम, तर डाखाच्या डब्यातील माशात सुमारे १४०० नॅनोग्रॅम शिसे आढळले. अन्य प्रयोगशाळेने ताज्या माशातच ४०० नॅनोग्रॅम शिसे नोंदविले होते. साहजिकच डब्याचा दोष झाकला गेला होता.

निष्कर्ष : १९५९ पासून ॲल्युमिनियमचे सांधाविरहित डबे येऊ लागले. अमेरिकेतील उत्पादकांनी १९९१ पर्यंत शिशाचा डाख सोडला व १९९५ मध्ये त्यावर कायदेशीर बंदी आली. २०१० मध्ये अन्नातील मिश्रद्रव्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शिशाच्या साप्ताहिक सेवनाची पूर्वीची मर्यादाही मागे घेतली, कारण ती आरोग्यरक्षणास पुरेशी नव्हती. चुकीच्या मापनामुळे प्रदूषित पातळीच नैसर्गिक मानली गेली आणि त्याची किंमत ग्राहकांनी, विशेषतः बालकांनी मोजली. म्हणूनच पेयाच्या नमुन्याबरोबर पेयविरहित कोरा नमुना तपासणे, ही प्रयोगशाळेची केवळ औपचारिकता नसून समाजाप्रती असलेली जबाबदारी आहे.