एंडोरिफ्टिया (नळीकृमीतील सहजीवी जीवाणू)

रिफ्टिया पॅकिप्टिला या महाकाय नळीकृमीच्या शरीरात राहणारा आणि त्याला पोसणारा जीवाणू. पूर्ण नाव कँडिडेटस एंडोरिफ्टिया पर्सेफोने, गट गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया. पर्सेफोने ही ग्रीक पुराणकथांतील पाताळाची राणी. कायमच्या अंधारात नांदणाऱ्या जिवाला हे नाव शोभून दिसते.

१९७७ मध्ये ‘ॲल्विन’ पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना गालापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मी. खोलीवर, समुद्रतळातल्या उष्ण झऱ्यांभोवती या कृमींची दाट वस्ती आढळली. पांढरी नळी, तिच्या टोकाला लालभडक पिसारा, लांबी दीड-दोन मीटर. पण प्रौढ कृमीला तोंड नाही, आतडे नाही, गुदद्वारही नाही. मग एवढा देह पोसला जातो कसा? १९८० मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील व्याख्यानात प्राणिशास्त्रज्ञ मेरेडिथ जोन्स यांनी कृमीच्या धडात गंधकाचे स्फटिक सापडल्याचे सांगितले. श्रोत्यांत बसलेल्या कॉलीन कॅव्हनॉ या विद्यार्थिनीला त्यातच उत्तर दिसले: आत गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत. १९८१ मध्ये तिने व सहकाऱ्यांनी त्याचे पुरावे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हॉर्स्ट फेलबेक यांना कृमीच्या धडातील ऊतकात, हिरव्या वनस्पती ज्यांच्या साहाय्याने कार्बन स्थिर करतात, ती विकरे आढळली. कॅव्हनॉचा हा तर्क सागरी जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर तर्क म्हणावा लागेल.

जीवाणूंचे घर म्हणजे धड व्यापणारा ट्रोफोसोम हा मऊ अवयव. त्याच्या पेशी जीवाणूंनी गच्च भरलेल्या असतात. पिसारा पाण्यातून ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड शोषतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा शेवटचा वायू बहुतेक प्राण्यांचे श्वसन बंद पाडतो. रिफ्टियाचे हीमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन व सल्फाइड वेगवेगळ्या जागी धरून दोन्ही एकाच वेळी वाहून नेते. जीवाणू सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात आणि तिच्या बळावर कार्बनी अन्न तयार करतात. त्यातले काही ते कृमीला देतात. कृमी काही जीवाणू पचवूनही टाकतो. या आहारावर नळी वर्षाला ८५ सेंमी.हून अधिक वाढल्याची नोंद आहे.

ही जीवसृष्टी सूर्यावर मुळीच अवलंबून नाही, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते पुरते खरे नाही. येथे लागणारा ऑक्सिजन वरच्या उजेडातील प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.

हे जीवाणू पालकांकडून पिल्लाला मिळत नाहीत. प्रत्येक पिढीला ते समुद्रातून नव्याने मिळवावे लागतात. डिंभाला आरंभी छोटे आतडे असते, तरी जीवाणू तोंडावाटे न येता त्वचेतून शिरतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. पुढे ते आतडे नाहीसे होते. कृमी मेल्यावर काही जीवाणू पुन्हा पाण्यात उतरतात. समुद्रात असे मोकळे जगू शकणारा हा जीवाणू प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवता आलेला नाही. म्हणूनच त्याच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ म्हणजे ‘उमेदवार’ हे पद अजून कायम आहे.